सत्तर वर्षांचं सांत्वन

आजचं वाचन: यिर्मया २९:१-१४ (वेळ असेल तर अध्याय २८ आणि ३२ सुद्धा वाचा)



यिर्मया २९:११ माहीत नाही असा तरुण विश्वासणारा शोधून सापडणार नाही. देव आपलं भलं योजून आहे, आपल्याला उद्या आहे, असं सांगणारं ते वचन. मोबाईलच्या वॉलपेपरवर, बाप्तिस्म्याच्या भेटकार्डावर, लग्नाच्या पत्रिकेत, गाडीच्या मागच्या काचेवर, सगळीकडे ते असतं.

मागच्या आठवड्यात आमच्या तरुणांच्या सभेत एक बहीण म्हणाली, "ताई, मी हे वचन ऑफिसच्या लॅपटॉपवर चिकटवलं होतं. शुक्रवारी त्यांनी लॅपटॉपच परत घेतला. स्टिकर निघेना, तो पण गेला." सगळे हसले, तीही हसली. मग तिने शांतपणे विचारलं, "आता खरं सांगा. हे वचन मला धीर देतंय, की मी स्वतःला गुंगीचं औषध देतेय?"

प्रश्न नीट ऐकण्यासारखा आहे. नोकरी कधी जाईल सांगता येत नाही, घर अकरा महिन्यांच्या करारावर, आईबाबा गावाकडे आजारी, लग्नाचं ठरत नाही किंवा ठरलेलं मोडतं. अशा वेळी आपण प्रार्थना करतो आणि मन हलकं होतं. ते हलकं होणं खरं की खोटं, हे कसं ओळखायचं? मी पाळक नाही. मीही भाड्याच्या घरातून हे लिहितेय आणि दर अकरा महिन्यांनी घरमालकाच्या फोनची धास्ती मलाही असते. पण या प्रश्नाचं उत्तर मला त्याच अध्यायात सापडतं, फक्त अकरावं वचन एकटं न वाचता त्याच्या आजूबाजूचंही वाचलं तर.

पत्र कोणाच्या हातात पडलं?

यिर्मयाचा २९वा अध्याय म्हणजे मुळात एक पत्र आहे. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यरुशलेमवर आला. यखन्या राजा, राजमाता आणि सरदार यांना त्याने बंदी करून नेलं. पण त्यांच्याबरोबर आणखी कोण गेलं ते दुसरं वचन बघा: कारागीर आणि लोहार. म्हणजे हातात कसब असलेली माणसं. बाबेलला बांधकामं करायची होती, त्यामुळे 'स्किल्ड' लोक आधी उचलले गेले. आजच्या भाषेत विचार केला तर तुमच्या-माझ्यासारखेच. शिकलेले, कामाचे, आणि आपण कुठे राहायचं हे दुसऱ्याच्या एका आदेशावर ठरणारे.

यांचं घर गेलं, मंदिर लांब राहिलं, भाषा परकी, देव परके. त्यांना एकच प्रश्न होता: परत कधी जायचं?

आणि त्या प्रश्नाला त्या काळात दोन उत्तरं मिळत होती.

दोन वर्षं आणि सत्तर वर्षं

पहिलं उत्तर हनन्या नावाच्या संदेष्ट्याचं. ते २८व्या अध्यायात आहे. तो मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर उभा राहिला आणि परमेश्वराच्या नावाने म्हणाला की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. मंदिराची भांडी परत येतील, राजा परत येईल, बंदिवान परत येतील. यिर्मया त्या दिवसांत गळ्यात लाकडाचं जू घालून फिरत असे. हनन्याने ते जू काढून सगळ्यांदेखत मोडून टाकलं. कल्पना करा, लोक किती खूश झाले असतील! आजचा दिवस असता तर तो व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर फिरला असता आणि खाली शंभर 'आमेन' पडले असते.

इथे यिर्मयाचं वागणं मला फार आवडतं. तो चिडला नाही. तोही म्हणाला, आमेन, परमेश्वर असंच करो. म्हणजे त्यालाही मनातून तेच हवं होतं. लोकांचं दुःख लांबावं असं त्याला वाटत नव्हतं. पण आपल्याला हवं आहे म्हणून देव ते बोलला, असं म्हणायला तो तयार नव्हता. हनन्या त्याच वर्षी, सातव्या महिन्यात मरण पावला.

दुसरं उत्तर यिर्मयाचं. त्याने पत्र लिहिलं. घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याचं कल्याण बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या वचनात तो आकडा येतो: बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर. त्याच्यानंतर, लक्षात घ्या, त्या आकड्याच्या लगेच नंतर आपलं आवडतं अकरावं वचन येतं.

आता हिशेब करा. ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये बाबेल पडलं आणि त्यानंतर कोरेश राजाने यहुद्यांना परत जायची मोकळीक दिली. ५९७ साली २५ वर्षांचा असलेला लोहार तेव्हा जिवंत असता तर ऐंशीच्या पुढे गेला असता. म्हणजे ज्यांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी यरुशलेम परत कधीच पाहिलं नाही. आणि तरी देव त्यांनाच म्हणाला की मी तुमचं भलं योजून आहे.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे, आणि खरं सांत्वनही इथेच आहे. "पुढच्या महिन्यात नवी ऑफर येईल" या अर्थाने आपण ते वचन धरतो. पण ते वचन ज्यांना दिलं त्यांच्या आयुष्यात त्यांची 'ऑफर' आलीच नाही. मग देव खोटं बोलला का?

गुंगीचं औषध ओळखायचं कसं

धर्म ही अफूची गोळी आहे, असं कॉलेजात आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ऐकलं की आपल्याला राग येतो. पण मला वाटतं, त्या आरोपाला रागाने उत्तर देण्याआधी हे बघावं की पवित्र शास्त्र स्वतःच तो आरोप करतं. यिर्मया ६:१४ वाचा. लोकांची जखम खोल असताना वरवर मलमपट्टी करून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर देव तिथे रागावलेला आहे. म्हणजे खोटं सांत्वन असतं, ते देवाच्या नावाने विकलं जातं, आणि देवाला ते खपत नाही. हे आपल्याला नास्तिकांनी शिकवण्याची गरज नाही, आपल्या संदेष्ट्याने २६०० वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

मग फरक कसा करायचा? हनन्या आणि यिर्मया दोघांना शेजारी ठेवून बघा.

हनन्याचं सांत्वन ऐकून माणूस काय करेल? बॅग भरून बसेल. दोनच वर्षं तर आहेत! घर कशाला बांधायचं, झाड कशाला लावायचं, शेजाऱ्याशी ओळख कशाला करायची? तो बाबेलमध्ये राहील पण जगणार नाही. आणि दोन वर्षं सरल्यावर, तिसऱ्या वर्षी, तो देवावरच चिडेल.

यिर्मयाचं सांत्वन ऐकून माणूस रडेल. आधी रडेलच. सत्तर हा आकडा ऐकून कोणाचं मन लगेच हलकं होणार नाही. पण दुसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन मळ्यात जाईल. कारण त्याला कळलं आहे की इथे या परक्या मातीत लावलेलं झाडही देवाच्या योजनेत धरलेलं आहे. देव यरुशलेमच्या मंदिरात मागे राहून गेलेला नाही, तो इथेही प्रार्थना ऐकतो. बारावं आणि तेरावं वचन तेच सांगतं.

गुंगीचं औषध माणसाला कामावरून उठवतं आणि झोपवतं. खरं सांत्वन झोपलेल्याला उठवतं आणि कामाला लावतं. ही माझी पहिली कसोटी. प्रार्थनेनंतर मी काय टाळायला लागले आणि काय करायला लागले, हे बघायचं. प्रार्थना करून मी बँकेचा मेसेज उघडायचं टाळत असेन, डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलत असेन, तर माझ्या मनात हनन्या बोलतोय. प्रार्थना करून मी खर्चाची यादी काढली, आईला खरं काय ते फोनवर सांगितलं, दोन ठिकाणी बायोडेटा पाठवला, तर बहुधा यिर्मयाचं पत्र पोहोचलं आहे.

पण उपयोगी म्हणजे खरं का?

इथे कोणी हुशार मित्र अडवेल. "ठीक आहे, तुझी श्रद्धा तुला कामाला लावते. चांगलंच आहे. पण उपयोगी पडते म्हणून ती खरी ठरत नाही. सकाळी धावायला गेलं तरी मन ताजं होतं."

त्याचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मान्य करावं. पौलानेही मान्य केलं असतं. १ करिंथ १५ मध्ये तो अगदी सरळ बोलतो: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला विश्वास पोकळ आहे आणि आपल्याइतके कीव करण्यासारखे लोक दुसरे नाहीत. "विश्वासाने निदान मनाला बरं तरी वाटतं ना" असं पौल म्हणत नाही. तो आपलं सगळं सांत्वन एका घडलेल्या गोष्टीवर ठेवतो. कबर रिकामी होती की नव्हती? नसेल तर हे सगळं सोडून द्या, असंच तो जवळजवळ सांगतो.

म्हणून ख्रिस्ती सांत्वन आपल्या मूडवर उभं नाही. आज सकाळी मला देव जवळ वाटला नाही, गाणी गाऊनही मन कोरडं राहिलं, तरी काही बिघडत नाही. दगड आधीच लोटलेला आहे. माझ्या वाटण्याने तो परत जागेवर जात नाही. अस्थिर दिवसांत हे मला फार मोलाचं वाटतं, कारण त्या दिवसांत सगळ्यात जास्त अस्थिर माझ्या भावनाच असतात. त्यांच्यावर मी घर बांधलं तर ते अकरा महिनेही टिकणार नाही.

आणि ज्याच्यावर आपला विश्वास आहे तो स्वतः स्थिर आयुष्य जगला का? डोकं टेकायलाही जागा नाही असं त्याने स्वतःविषयी सांगितलं (मत्तय ८:२०). गेथशेमाने बागेत त्याने प्याला टळावा म्हणून मागितलं आणि प्याला टळला नाही. शुक्रवारी त्याच्या शिष्यांना जर कोणी विचारलं असतं की देव तुमचं भलं योजून आहे का, तर ते काय म्हणाले असते? देवाच्या हिताच्या योजना क्रूसाला वळसा घालून जात नाहीत. त्या क्रूसामधून जातात.

केडगावची झाडं

हे सगळं फार जुनं आणि लांबचं वाटत असेल तर आपल्याच मातीतलं एक आयुष्य बघू. पंडिता रमाबाई. जन्म १८५८चा. घर असं नव्हतंच, वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये पती गेले. पदरात लहान मुलगी मनोरमा. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत या बाईच्या पायाखालची जमीन किती वेळा सरकली, मोजा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यावरून इथे केवढं वादळ उठलं तेही आपल्याला माहीत आहे.

विश्वास धरल्यावर सगळं सुरळीत झालं का? नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदासदन पुण्यात आलं आणि पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण त्यांनी काय केलं ते बघा. पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, घरं बांधली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना त्या घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेली मुलगी दुसऱ्या दुष्काळात इतरांच्या मुलींची आई झाली. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं.

२ करिंथ १:४ मध्ये पौल हेच सांगतो. देव आपलं सांत्वन करतो ते आपल्यापाशी साठवून ठेवायला नाही, तर दुःखात असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी देता यावं म्हणून. ही माझी दुसरी कसोटी. जे सांत्वन माझ्या खोलीच्या दारापाशी थांबतं, त्याच्याबद्दल मला शंका येते. खरं सांत्वन जिना उतरून खाली जातं.

आणि १९२१ मध्ये, रमाबाई साठी ओलांडलेल्या असताना, मनोरमाही गेली. त्या स्वतः पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेल्या. अखेरच्या त्या दिवसांतही हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणण्याचं त्यांचं काम चालूच होतं. दुःख झालं नाही असं नाही. पण मळा सोडला नाही.

काही गैरसमज

तरुण मित्रांनो, तीन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

एक, शहराचं कल्याण शोधा म्हणजे अन्याय निमूट सोसा असं नाही. कोणी तुमचा पगार अडकवला, डिपॉझिट बुडवलं, तर हक्काने मागा. यिर्मया स्वतः राजांसमोर गप्प बसणारा माणूस नव्हता.

दोन, झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगूच नये असं वाटतं, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. १ राजे १९ वाचा. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. बोलणं नंतर झालं. आपल्या मंडळीतल्या दुःखी माणसाला वचन फॉरवर्ड करण्याआधी डबा नेऊन द्यावा, हे मी तिथून शिकले.

तीन, विश्वास म्हणजे आकड्याकडे डोळेझाक नाही. अध्याय ३२ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि देव त्याला सांगतो की चुलतभावाचं अनाथोथ इथलं शेत विकत घे. तो १७ शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखत करतो आणि ते मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. शेत शत्रूच्या ताब्यात जाणार आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यानेच तर ते भाकीत केलं होतं! तरी पैसे मोजून दिले, कागदपत्रं पक्की केली. उगाच आशावादी माणूस असं करत नाही, आणि हरलेला माणूसही करत नाही. परिस्थिती पूर्ण माहीत असून देवाचा शब्द तिच्याहून लांब टिकतो असं ज्याला वाटतं, तोच हे करतो.

मग त्या बहिणीला काय सांगू?

बहिणी, ते वचन तुझ्यासाठी आहे. पण पुढच्या महिन्यात नोकरी लागेल असा त्याचा अर्थ मी तुला सांगणार नाही. लागावी अशी मी रोज प्रार्थना करतेय. यिर्मयासारखं मीही आमेन म्हणते, परमेश्वर असंच करो. पण लागली नाही तर ते वचन खोटं ठरत नाही, कारण ते कधी तारखेचं वचन नव्हतंच. ज्याने तुला इथे या शहरात आणलं तो तुला विसरलेला नाही, आणि तुझे हे मधले, अधांतरी दिवस वाया जात नाहीत, हे त्यात आहे. इब्री ११:१३ मध्ये विश्वासाने जगलेल्या लोकांविषयी लिहिलं आहे की त्यांनी वचनाचं फळ हातात न घेता, दुरून पाहून, त्याला सलाम केला आणि ते मेले. आपण एकमेकांना भेटल्यावर जो सलाम म्हणतो ना, मला तर आता तो म्हणताना तेच आठवतं.

एवढ्याने पोट भरत नाही हे मला कळतं. म्हणून मंडळी आहे. या महिन्याचं भाडं कसं भरायचं हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, तो आमचाही आहे. रविवारी बोलू.

आजच्या मननासाठी

ज्या गोष्टीसाठी तुम्ही 'सगळं ठरल्यावर बघू' म्हणून थांबला आहात, ती कोणती? कुंडीत तुळस किंवा कढीपत्ता लावणं असेल, शेजारच्या काकूंची ओळख करून घेणं असेल, मंडळीत एखादी जबाबदारी घेणं असेल. यातली एक गोष्ट या आठवड्यात, ठरलेलं काही नसतानाच, करून बघा. आणि ज्या शहराचा तुम्हाला राग येतो, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या हातात तारीख नाही. आम्हाला ती हवी आहे हे तू जाणतोस. जे आज नोकरीविना आहेत, ज्यांना घर सोडावं लागतंय, जे रात्री जागे आहेत, त्यांना धरून ठेव. खोट्या धीरापासून आम्हाला वाचव आणि खरं ऐकण्याचं बळ दे. तू दिलेलं सांत्वन आमच्यापाशी अडकून राहू देऊ नको, ते ज्याला हवं आहे त्याच्या दारापर्यंत आम्हाला ने. आणि जिथे आम्ही आहोत तिथे झाड लावायला शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.